फोन आपला, किल्ली दुसऱ्याची

गेल्या चतुर्थीला माझ्या मामांनी नवा अँड्रॉइड फोन घेतला. सत्तरीत त्यांचे कुळागर आहे. नारळ पाडल्याच्या तारखा, पाडेल्याला दिलेली मजुरी, सुपारीचे वजन आणि मिळालेला दर या साऱ्याची नोंद ते सहा वर्षे एका साध्याशा हिशेबाच्या ॲपमध्ये ठेवत आले होते. वाळपईच्या दुकानात जुन्या फोनातील सर्व काही नव्यात उतरवून दिले गेले. संपर्क आले, छायाचित्रे आली, त्या ॲपचे चिन्हही येऊन बसले. उघडून पाहिले तर आत कोरी पाटी. जुन्या फोनात नोंदी शाबूत आहेत, डोळ्यांना दिसतात. बाहेर मात्र काढता येत नाहीत. ‘फोन रूट करा, म्हणजे निघतील,’ असा सल्ला एका जाणकार तरुणाने दिला. सल्ला चुकीचा नव्हता, पण अर्धाच होता.

‘रूट’ हा शब्द लिनक्सच्या जगातला. अँड्रॉइडचा गाभा लिनक्सचाच असल्याने यंत्रावर सर्वाधिकार असलेला एक वापरकर्ता त्यातही असतो आणि त्याचे नाव रूट. विकत घेतलेल्या फोनात हा अधिकार ग्राहकाला दिलेला नसतो. प्रत्येक ॲप स्वतःच्या नोंदी एका बंद खोलीत ठेवते. शेजारच्या ॲपला तेथे प्रवेश नाही आणि फोनच्या मालकालाही नाही. रूटचा अधिकार मिळाला की सर्व खोल्या उघडतात. टायटेनियम बॅकअपसारखी ॲप्स एकेकाळी याच अधिकाराच्या बळावर प्रत्येक ॲप त्यातील नोंदींसह बांधून ठेवीत आणि नव्या फोनात जशीच्या तशी मांडून देत.

अडचण अशी की रूट करण्यासाठी बहुतेक फोनांत आधी बूटलोडरचे, म्हणजे फोन सुरू होताना प्रथम चालणाऱ्या प्रणालीचे, कुलूप काढावे लागते आणि ते निघताक्षणी फोनमधील सर्व काही पुसले जाते. चोराच्या हाती फोन लागला तर त्याला आतले काही मिळू नये, हा त्यामागचा हेतू रास्त आहे. परिणाम मात्र असा की, तिजोरीची किल्ली हवी असेल तर आतला ऐवज आधी जाळावा लागतो. म्हणूनच हौशी मंडळी नवा फोन पहिल्याच दिवशी रूट करतात. त्या दिवशी गमावण्यासारखे काही नसते. मामांना हे सहा वर्षांपूर्वी कोणी सांगायला हवे होते. सांगितले असते तरी त्यांनी ते केले नसते, आणि योग्यच केले असते.

कारण रूट केलेल्या फोनात बँकेचे ॲप चालेलच याची शाश्वती नसते. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२१ मध्ये डिजिटल देयकांच्या सुरक्षेसंबंधी जे निर्देश काढले, त्यांत रूट केलेला फोन ओळखून तेथे ॲप चालू न देण्याची शक्यता बँकांनी पडताळावी, असे म्हटले आहे. दुसरीकडे गूगलची ‘प्ले इंटिग्रिटी’ ही व्यवस्था फोन मूळ स्थितीत आहे की नाही याचा दाखला ॲपला पुरवते. दाखला न मिळाल्यास काय करायचे, ते ॲप बनवणारा ठरवतो. बँका बहुधा दार लावून घेतात. या सावधगिरीला आधार आहे. वाहतूक दंडाच्या पावतीचे सोंग घेऊन व्हॉट्सॲपवरून येणाऱ्या बनावट ॲप्सनी अनेकांची खाती रिकामी केली आहेत. अशा ॲपच्या हाती रूटचा अधिकार पडला तर फोनच्या स्वतःच्या संरक्षणाचा काहीच उपयोग उरत नाही. मासळी बाजारापासून कदंबच्या तिकिटापर्यंत यूपीआयवर विसंबलेल्या माणसाने फोन रूट करावा, असे मी तरी सुचवणार नाही.

मग ज्याने रूट करायचे नाही, त्याच्यासाठी कोणती वाट ठेवली आहे? अँड्रॉइड ६ पासून, म्हणजे २०१५ पासून, ॲपमधील नोंदी आपोआप गूगलच्या खात्यात जतन होण्याची सोय आहे. तिला प्रत्येक ॲपमागे २५ एमबीची मर्यादा आहे. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे ॲप बनवणारा ही सोय स्वतःच्या ॲपपुरती सरळ बंद करू शकतो आणि तसे त्याने केले आहे, हे वापरणाऱ्याला कोठेही ठळकपणे सांगितले जात नाही. फोन संगणकाला केबलने जोडून नोंदी काढण्याची जुनी आज्ञा होती. अँड्रॉइड १२ पासून, त्या आवृत्तीसाठी बनवलेल्या ॲप्सच्या नोंदी तिच्यातून वगळल्या जातात. अर्थात मामांच्या नोंदी मामांना मिळतील की नाही, हे ज्याला त्यांनी कधी पाहिलेले नाही अशा माणसाने लिहिलेल्या एका ओळीवर अवलंबून होते.

दरम्यान किल्ली मिळण्याची शक्यताही आक्रसत चालली आहे. हुआवेने २०१८ मध्ये बूटलोडर उघडण्याचे संकेतांक देणे थांबवले. शाओमीने अटी कडक केल्या. सॅमसंगने २०२५ मध्ये आलेल्या वन यूआय ८ या आवृत्तीपासून कुलूप काढण्याचा पर्यायच वगळला. गूगलचे पिक्सेल फोन अजून बरेचसे मोकळे आहेत. पण त्याच गूगलने ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर केले की प्रमाणित अँड्रॉइड फोनांवर यापुढे ओळख पडताळलेल्या विकासकांचीच ॲप्स बसवता येतील, मग ती प्ले स्टोअरबाहेरून आणलेली का असेनात. घोषित वेळापत्रकानुसार सप्टेंबर २०२६ मध्ये ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंड येथे, व २०२७ पासून जगभर टप्प्याटप्प्याने हा नियम लागू व्हायचा आहे. टीका झाल्यावर अनुभवी वापरकर्त्यांसाठी वेगळी वाट ठेवण्याचे आश्वासन कंपनीने नोव्हेंबरमध्ये दिले.

भारतात हा प्रश्न न्यायासनापुढे आलेला आहे, मात्र वेगळ्या वेषात. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला आणि काही निर्देश दिले. पूर्वस्थापित ॲप्स काढून टाकण्यास ग्राहकाला अडवू नये आणि प्ले स्टोअरबाहेरून ॲप देण्यावर बंधन घालू नये, हे त्यांपैकीच. अपील न्यायाधिकरणाने मार्च २०२३ मध्ये दंड कायम ठेवला, पण चार निर्देश रद्द केले. वरील दोन्ही त्यांतच गेले. दंड तिजोरीत जमा होतो, ग्राहकाच्या हाती काय येते याची चर्चा त्यानंतर फारशी झाली नाही.

सरकारचा कलही याच दिशेचा दिसला. दूरसंचार विभागाने २८ नोव्हेंबर २०२५ रोजी नव्या फोनांत संचार साथी ॲप आधीच बसवून देण्याचा आणि त्याची कार्ये बंद करता येऊ नयेत याची दक्षता घेण्याचा आदेश उत्पादकांना दिला. देशभर गदारोळ उठला आणि ३ डिसेंबरला सक्ती मागे घेण्यात आली. चोरीचा फोन शोधून देणारे ते ॲप उपयुक्त आहे, हे मान्य. परंतु माझ्या फोनात काय राहावे हे ठरवणाऱ्यांच्या रांगेत आणखी एक जण उभा राहू पाहत होता, एवढे त्या पाच दिवसांत स्पष्ट झाले.

याहून दुर्लक्षित राहिलेली बाब कायद्यातली आहे. वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या २०१९ च्या विधेयकात नागरिकाला आपली माहिती वापरण्याजोग्या स्वरूपात परत मागण्याचा, ती दुसऱ्या सेवेकडे नेण्याचा हक्क होता. युरोपात तो २०१८ पासून लागू आहे. २०२३ मध्ये संमत झालेल्या आपल्या कायद्यात तो नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम अधिसूचित झाले, तेव्हाही त्यावर फारसे कोणी बोलले नाही. तो हक्क असता तर मामांच्या वहीचा प्रश्न लगेच सुटला असता असे नव्हे. त्यांच्या नोंदी कोणा कंपनीकडे नाहीत, त्यांच्याच खिशात आहेत. पण ॲप बनवणाऱ्यावर ‘नोंदी बाहेर काढण्याची सोय ठेव’ असे बंधन घालायचे झाल्यास सुरुवात त्या हक्कापासूनच करावी लागेल. फोन रूट करणे हा त्या बंधनाच्या अभावी काही मोजक्या तंत्रकुशलांनी शोधलेला आडमार्ग होता, आणि तोच आता बुजवला जात आहे.

तोवर वाचकांनी एवढे करावे. जुना फोन देऊन टाकण्यापूर्वी प्रत्येक महत्त्वाचे ॲप उघडून त्यात नोंदी फाइलरूपाने बाहेर काढण्याची सोय आहे का ते पाहावे. नसेल तर त्या ॲपवर विसंबू नये. व्हॉट्सॲपचा बॅकअप वेगळा असतो, तो वेगळा घ्यावा. दुहेरी पडताळणीचे संकेतांक देणारे ॲप नव्या फोनात चालू झाल्याची खात्री होईपर्यंत जुना फोन पुसू नये. आणि रूट करून पाहण्याची हौसच असेल, तर बँकेचे ॲप नसलेला एखादा जुना फोन त्यासाठी बाजूला ठेवावा.

मामांचा जुना फोन सध्या देवखोलीतल्या फळीवर असतो. दर रविवारी ते तो चार्ज करतात आणि त्यातल्या नोंदी दोनशे पानी वहीत उतरवून काढतात. परवा विचारले, तेव्हा २०२१ चा पावसाळा चालू होता.