राज्यसभा मोडू नये, सुधारावी

पूर्णा जंक्शनच्या फलाटावर गाडीची वाट पाहणाऱ्या मंडळींत राजकारणाचा विषय निघाला की, राज्यसभा ही पडेल उमेदवारांची धर्मशाळा असून ती खालसा करावी, असा निर्वाळा कोणी ना कोणी देतोच; आणि भलेभले सुशिक्षितही याच मताचे असल्यामुळे त्याचा सांगोपांग परामर्श घेणे अगत्याचे आहे.

पूर्वपक्षाचे मुद्दे तीन आहेत. हे सभासद जनतेने निवडलेले नसतात, हा पहिला. मतदारांनी नाकारलेल्यांची तेथे सोय लावली जाते, हा दुसरा. आणि दुसरे सभागृह पहिल्याशी सहमत असेल तर निरर्थक व विरोधी असेल तर अनर्थकारक, हा फ्रेंच विचारवंत सिएयेस यांच्या नावावर सांगितला जाणारा तिसरा.

पहिल्या मुद्द्याचे उत्तर आपल्या मतपत्रिकेतच आहे. पूर्णा तालुक्याचा मतदार गंगाखेड मतदारसंघातून जो आमदार विधानसभेत धाडतो, तोच महाराष्ट्राच्या १९ जागांसाठी वेळोवेळी मत देतो. सहा जागांची निवडणूक असून २८८ आमदारांनी मतदान केले, तर पहिल्या पसंतीची ४२ मते मिळवणारा निश्चित निवडून येतो. म्हणजे विरोधी पक्षासही आपल्या बळाच्या प्रमाणात वाटा मिळतो.

दुसऱ्या आक्षेपाचे खंडन खुद्द घटनेच्या शिल्पकाराच्या चरित्राने होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९५२ साली मुंबईत लोकसभेची निवडणूक हरले, त्याच वर्षी राज्यसभेवर गेले आणि १९५६ मधील निधनापर्यंत तेथे सभासद राहिले. हे दार त्यांना बंद असते, तर नुकसान त्यांचे नव्हे, देशाचे झाले असते.

तिसऱ्या कोटिक्रमात सुधारून घेण्याची वाटच विसरली गेली आहे. पंचायत राज्याचे १९८९ चे घटनादुरुस्ती विधेयक लोकसभेत मंजूर होऊनही राज्यसभेत पडले. त्या विरोधात पक्षीय ईर्ष्या नव्हती असे नाही. परंतु पंचायतींच्या निवडणुका केंद्रीय निवडणूक आयोगाकडे सोपवणारी त्यातील तरतूद पुढे टिकली नाही, आणि १९९२ च्या ७३ व्या दुरुस्तीने ते काम राज्य निवडणूक आयोगाकडे आले. गाडी चालक चालवतो, तरी गार्डाच्या हिरव्या निशाणावाचून ती फलाट सोडीत नाही. म्हणून गार्डास कोणी चालकाचा वैरी म्हणत नाही. शिवाय धनविधेयक या सभेस १४ दिवसांपलीकडे अडवता येत नाही, तेव्हा सरकारचा खजिना कुलूपबंद होण्याचे भय निराधार आहे.

आता मंडन. सहा वर्षांची मुदत असलेल्या सभासदांपैकी एकतृतीयांश दर दोन वर्षांनी निवृत्त होत असल्याने ही सभा कधीही विसर्जित होत नाही. १९७७ च्या आरंभी लोकसभा अस्तित्वात नसताना तामिळनाडू व नागालँडमधील राष्ट्रपती राजवटीच्या मुदतवाढीस संसदेची संमती लागली, ती याच सभेने दिली. राज्यसूचीतील विषयावर राष्ट्रहितार्थ कायदा करण्याची मुभा संसदेला द्यावी की नाही, हेही अनुच्छेद २४९ अन्वये हीच सभा दोनतृतीयांश मतांनी ठरवते. राज्यांच्या अधिकाराची किल्ली जिच्या हाती, तिच्यात त्या राज्यांचीच माणसे हवीत. म्हणून उमेदवार त्याच राज्याचा मतदार असावा, ही २००३ साली रद्द झालेली अट पुन्हा घातली पाहिजे. आणि राज्यसभेसाठी मत कोणाला व कोणत्या गुणावर दिले, याचा जाब प्रत्येक मतदाराने आपल्या आमदारास विचारला पाहिजे.