जेलरोडवरून, चित्रपट महामंडळास

प्रति,
अध्यक्ष आणि सर्व सभासद,
अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळ, कोल्हापूर



मी नाशिकरोडला, जेलरोडवर राहते. हा पत्ता सांगताना इथं कोणाला काही वाटत नाही. रिक्षावाले, दूधवाले, शाळेतली पोरं दिवसातून दहादा 'जेलरोड' म्हणतात. बाहेरगावचा पाहुणा मात्र ऐकून थबकतो. सव्वीस वर्षं मी याच भागात प्राथमिक शाळेत शिकवलं. माझ्या वर्गातल्या काही मुलांचे वडील तुरुंगाच्या उंच भिंतीआड होते. दाखल्यावर तसं कुठं लिहिलेलं नसायचं. हजेरीवरून कळायचं. मूल मधूनच एक दिवस गैरहजर राहायचं आणि दुसऱ्या दिवशी 'गावाला गेलो होतो' म्हणून सांगायचं. तो मुलाकातीचा दिवस असायचा.

चौथीतला एक मुलगा मला विसरता येत नाही. आदल्या रात्री टीव्हीवर कुठलासा सिनेमा लागला होता. मधल्या सुट्टीत तो माझ्या टेबलाशी आला आणि हळू आवाजात म्हणाला, "बाई, जेलमध्ये नव्या माणसाला सगळे मिळून मारतात का?" त्याच्या वडिलांना आत जाऊन आठवडा झाला होता. मी "नाही रे" म्हणाले. तो म्हणाला, "पण दाखवलं ना."

त्या 'दाखवलं ना'साठी हे पत्र लिहिते आहे.

तुरुंगात मारहाण होतच नाही, असं मी म्हणणार नाही. पण पडद्यावर तेवढंच उरलं आहे. पट्ट्यापट्ट्यांचे कपडे, दगड फोडणं, जेवणाच्या थाळीवरून उसळलेली हाणामारी, आतून टोळी चालवणारा भाई, नाहीतर विनोदाला ठेवलेला जेलर. नायक आत जातो तो जास्त धिप्पाड होऊन बाहेर येण्यासाठी. मधली वर्षं एका गाण्यात सरतात.

ती मधली वर्षं हाच तर तुरुंग आहे. २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० बंदी होते आणि त्यांतले ४,३४,३०२ न्यायाधीन, म्हणजे बोलीभाषेत कच्चे कैदी. चारातल्या तिघांचा गुन्हा अजून शाबितच झालेला नव्हता. ही माणसं आपल्या घरच्याच कपड्यांत असतात. सक्तमजुरी त्यांना लागू नसते. त्यांचा दिवस मोजणीने सुरू होतो, मोजणीने संपतो आणि संध्याकाळी बराक बंद झाली की सकाळपर्यंत उघडत नाही. 'तारीख' हा त्यांचा सर्वांत मोठा शब्द. तारीख पडते, पुढे जाते, पुन्हा पडते. कित्येकांना जामीन मंजूर होतो, पण जामीनदार मिळत नाही. सातबारा, घरपट्टीची पावती, पगाराची चिठ्ठी घेऊन कोर्टात उभा राहील असा माणूस ओळखीत नसतो, म्हणून आदेश हातात असूनही माणूस आतच राहतो. एखाद्या बाईने जामीनदार शोधत गावातली दहा दारं हिंडावीत आणि प्रत्येक दारी वेगळं कारण ऐकावं, एवढ्या गोष्टीवर अख्खा सिनेमा उभा राहील. मी तरी तो अजून पाहिलेला नाही.

तुरुंगाची खरी गोष्ट सांगणं मराठी माणसाला जमत नाही, असं मात्र नाही. आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरचा प्रयोग १९३९ साली औंध संस्थानात सुरू झाला. मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याच्या आग्रहाने औंधचे राजे पंतप्रतिनिधी यांनी कैद्यांना भिंतीबाहेर शेतीवर ठेवलं. त्यावरून गदिमांनी कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ साली 'दो आँखें बारह हाथ' काढला. बर्लिनपर्यंत तो नावाजला गेला. मला तो फार प्रिय आहे. तरी एक गोष्ट दर वेळी खटकते. स्वतंत्रपुरात कैदी बायकामुलांसह राहतात. भरवशाचं मूळ तिथंच आहे. सिनेमातल्या सहाजणांना सावरते ती जेलरची नजर. घरच्यांची जागा आपल्या सर्वांत चांगल्या तुरुंगपटातही अशी निसटली.

चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'ने २०१४ साली दुसरं टोक दाखवलं. म्हातारा लोकशाहीर, त्याचा खटला आणि पुढची तारीख. कॅमेरा कोर्टात शांत बसून राहतो. न्यायाधीश, वकील घरी जातात, जेवतात, सुट्टीला जातात आणि त्या सगळ्या वेळात एक माणूस आत आहे, हे आपल्या मनातून हलत नाही. एकही ठोसा न दाखवता त्या सिनेमाने कोठडी अंगावर आणली.

आणि आमचं नाशिक. फेब्रुवारी १९३३ मध्ये, ९ तारखेपासून १३ तारखेपर्यंत, साने गुरुजींनी 'श्यामची आई' लिहिली ती इथल्याच तुरुंगात. आचार्य अत्र्यांनी १९५३ साली त्यावर चित्रपट काढला आणि राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मराठीकडे आलं. गुरुजी सत्याग्रही होते, चोरी-मारामारीत सापडलेले नव्हते, हे मान्य. पण बंद दारामागे माणूस काय करतो, हे त्या पुस्तकाइतकं स्वच्छ मला दुसरीकडे दिसलं नाही. तो घर आठवतो. आई काय म्हणाली होती, स्वयंपाकघरात कसला वास होता, आपण तिला कुठं दुखावलं, हे पुन्हा पुन्हा आठवतो. आजच्या बराकीतही हेच चालत असणार. महाराष्ट्राच्या कारागृहांत 'गळाभेट' नावाचा उपक्रम होतो. एरवी काचेच्या किंवा जाळीच्या पलीकडून बोलणाऱ्या बापाला त्या दिवशी मूल मिठी मारू शकतं. त्या मिठीपुढे कुठली मारामारी टिकेल?

माझी मागणी साधी आहे. महामंडळाने पटकथाकारांसाठी नाशिकमध्ये एक कार्यशाळा घ्यावी. तिथं सुटून आलेली माणसं, जामिनाची कामं करणारे वकील, निवृत्त तुरुंग कर्मचारी आणि बंद्यांच्या घरच्या बायका यांना बोलवावं. त्यांना मानधन द्यावं, त्यांची नावं गुप्त ठेवावीत आणि लेखकांनी दोन दिवस फक्त ऐकावं. तुरुंगावरची पटकथा हाती घेणाऱ्या प्रत्येक सभासदाला एवढंच विचारा : तुमच्या गोष्टीत या माणसाची वाट कोण पाहतंय?

तेही जमणार नसेल तर मुलाकातीच्या दिवशी एक सकाळ सेंट्रल जेलच्या दारापाशी या. हातात पिशवी आणि आधारकार्डाची झेरॉक्स घेऊन बायका नावाचा पुकारा होण्याची वाट पाहत असतात. मुलांना धुवट, इस्त्रीचे कपडे घातलेले असतात, केसांना तेल लावून भांग पाडलेला असतो. त्यांच्याशेजारी तासभर उभे राहा. मी तुमच्यासोबत येईन.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका
जेलरोड, नाशिकरोड