चार सेकंदांची ताकद, दहा तासांचे काम

सदर : लोखंड-तांबे

ठाण्याहून कशेळी, काल्हेर ओलांडून जुन्या आग्रा रस्त्याने भिवंडीजवळचे पूर्णा गाठेपर्यंत गाडीचा काटा वीस-पंचवीसच्या पुढे क्वचितच जातो. डावी-उजवीकडे गोदामे, मधे मेट्रो-५चे खांब, पुढे कंटेनर. याच रस्त्यावर पाठीला चौकोनी पिशव्या अडकवलेली पोरे आता विजेच्या गाड्यांवर दिसू लागली आहेत. गाडी घेताना त्यांना जे आकडे ऐकवले जातात ते मात्र या रस्त्याचे नसतात. पीक पॉवर इतके किलोवॅट, शून्य ते चाळीस इतक्या सेकंदांत. पूर्ण्याच्या नाक्यावर शून्य ते चाळीस करायला जागा कुठे आहे, हे कोणी विचारत नाही.

गंमत अशी की विजेच्या मोटरची पारख भिवंडीला कोणी शिकवायची गरज नाही. हे गाव यंत्रमागांवर उभे राहिले आणि साध्या मागाला फिरवते ती बहुधा एका हॉर्सपॉवरची तीन-फेज इंडक्शन मोटर. तिच्या अंगावर पत्र्याची पट्टी असते: किलोवॅट, व्होल्ट, अँपिअर, फेरे, इन्सुलेशनचा वर्ग आणि ड्यूटी. ड्यूटीपुढे 'एस-१' लिहिलेले असले की त्याचा अर्थ, एवढा भार ही मोटर न थांबता ओढील. मागवाला मोटर घेताना ती चार सेकंद किती जोर लावते हे विचारत नाही. पाळी संपेपर्यंत किती तापते, बिल किती येते आणि जळाली तर भरून कितीला मिळेल, एवढेच विचारतो. पारखीचे याहून चांगले प्रश्न मला तरी ठाऊक नाहीत.

हा विषय आज काढण्याचे कारण चुंबक. आपल्याकडच्या बहुतेक विजेच्या दुचाकींत कायम चुंबकाची मोटर असते आणि त्या चुंबकांत दुर्मीळ मूलद्रव्ये असतात. एप्रिल २०२५मध्ये चीनने त्यांतल्या सात मूलद्रव्यांच्या आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्यांची वेसण घातली. त्याचा चटका पुण्याला बसला. ऑगस्टमध्ये चेतक या विजेच्या स्कूटरचे उत्पादन शून्यावर येऊ शकते, असे बजाज ऑटोचे राजीव बजाज यांनी जुलैत उघड सांगितले. पुरवठ्याची सोय होऊन काम पुन्हा सुरू झाले खरे, पण तेव्हापासून एक प्रश्न सगळीकडे ऐकू येतो: मागाची बिनचुंबकाची मोटर बाइकला का चालणार नाही? तिच्यात तांबे, पोलादाच्या पत्र्या आणि रोटरमधल्या अॅल्युमिनियमच्या सळ्या. कुठल्याच देशाची मनधरणी करायला नको.

चालेल की. फक्त ती कशी मोजायची हे आधी ठरवायला हवे.

आधी गरज किती ते पाहू. गाडी, चालवणारा आणि माल मिळून अडीचशे किलो धरा. सपाट रस्त्यावर ताशी ४० किलोमीटरने जाताना टायरची ओढ आणि वाऱ्याचा विरोध मिळून चाकापाशी साधारण ९०० वॅट लागतात, म्हणजे सव्वा हॉर्सपॉवरच्या आत. पुलाचा चढ तिसास एक असेल तर तेवढेच आणखी. म्हणजे मालाची बाइक दिवसाचा बराचसा वेळ मागाएवढ्याच ताकदीवर चालते. जाहिरातीतले पाच-सहा किलोवॅट लागतात ते सिग्नल सुटल्यावर, काही सेकंद. तेवढा वेळ कुठलीही मोटर दुप्पट-तिप्पट जोर लावू शकते, कारण तांबे तापायला वेळ लागतो. प्रश्न तापल्यानंतरचा आहे. ३० अंशांवरून १३० अंशांवर गेलेल्या तांब्याचा विद्युतरोध सुमारे ४० टक्क्यांनी वाढलेला असतो. म्हणून थंड मोटरवर घेतलेले माप मला मापच वाटत नाही.

यावर आपल्या मानकांत उत्तर आहे. एआयएस-०४१ नावाच्या मानकात पीक पॉवरबरोबर 'तीस मिनिटांची पॉवर' मोजायला सांगितले आहे: मोटर अर्धा तास सलग किती शक्ती टिकवते. पुण्यात वेताळ टेकडीवरच्या एआरएआयसारख्या संस्था अशा चाचण्या करून देतात. कायद्यालाही हा आकडा चांगला ओळखीचा आहे. ताशी २५ किलोमीटरच्या आतल्या ज्या गाड्यांना नोंदणी लागत नाही, त्यांना २५० वॅटची मर्यादा आहे, तीही याच तीस मिनिटांच्या पॉवरवर. सूट देताना सरकार अर्ध्या तासाचा आकडा मागते आणि गिऱ्हाइकाला मात्र चार सेकंदांचा ऐकावा लागतो.

आता इंडक्शनची खरी परीक्षा. चार पोलच्या मोटरचे फिरते चुंबकीय क्षेत्र ५० हर्ट्झला मिनिटाला १५०० फेरे घेते. रोटर त्याच्या मागे राहतो, समजा १४२५ फेरे घेतो. हे ७५ फेऱ्यांचे मागे राहणे म्हणजे स्लिप. मागे राहिल्याशिवाय रोटरमध्ये प्रवाह निर्माणच होत नाही, म्हणून ते टाळता येत नाही. पण त्याचा दंड ठरलेला आहे. हवेची फट ओलांडून रोटरकडे जेवढी शक्ती जाते, तिचा स्लिपएवढा हिस्सा रोटर तापवण्यातच संपतो. पंधराशेत पंचाहत्तर, म्हणजे ५ टक्के. मागावर हे कोणाला टोचत नाही, कारण माग एकाच वेगाने चालतो.

बाइकचे तसे नाही. तिथे कंट्रोलर बॅटरीच्या डीसीतून हवी ती फ्रीक्वेन्सी घडवतो. कंटेनरच्या मागून गाडी रखडत पुढे सरकते तेव्हा ही फ्रीक्वेन्सी १० हर्ट्झवर आली असेल. क्षेत्राचे फेरे झाले ३००. पण पाठीवर ओझे, पुढे चढ, म्हणजे टॉर्क पूर्वीएवढाच हवा. आणि तेवढ्या टॉर्कसाठी मागे राहणेही तेवढेच, ७५ फेरे. तीनशेत पंचाहत्तर म्हणजे २५ टक्के! रोटरकडे निघालेल्या शक्तीचा चौथा हिस्सा चाकाला न लागता सळ्यांत जिरला. स्टेटरच्या तांब्यातले नुकसान चुंबकवाल्या मोटरलाही चुकत नाही, पण रोटरचा हा वेगळा हप्ता तिला भरावा लागत नाही. शिवाय हप्ता भरला जातो तो मोटरच्या पोटात. मागाच्या मोटरच्या शाफ्टवर पंखा असतो. बाइकची मोटर पावसापाण्यासाठी बंदिस्त असते, तिला वारा मिळतो तो गाडी पळेल तेव्हाच, आणि कोंडीत गाडी पळत नाही. जेव्हा उष्णता सर्वांत जास्त, तेव्हाच वारा सर्वांत कमी.

म्हणून 'कार्यक्षमता ९० टक्के' या वाक्याला मी फारशी किंमत देत नाही. कोणत्या वेगाला, कोणत्या भाराला, किती तापमानाला? एक आकडा नको, वेग आणि टॉर्क यांचा सगळा नकाशा हवा. आणि त्यातही डावीकडचा, मंद वेगाचा कोपरा, कारण पूर्ण्याच्या पोराचा दिवस तिथेच जातो.

व्होल्टेजचेही तसेच. व्होल्टेज दहा टक्क्यांनी पडले की इंडक्शन मोटरचा कमाल टॉर्क ८१ टक्क्यांवर येतो, कारण तो व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. बाइकवर मंद वेगाला कंट्रोलर हे सांभाळून घेतो. पण वरच्या वेगात त्याच्या हाती बॅटरीचे असेल तेवढेच व्होल्टेज उरते. ७२ व्होल्टची म्हणून विकली जाणारी वीस सेलची बॅटरी भरल्यावर ८४ असते, उतरत आली की ६८. वर्ग करून पाहा: त्या वेगाला जोर ६५ टक्क्यांवर आला. सकाळी शोरूमबाहेर घेतलेली चाचणी संध्याकाळच्या गाडीबद्दल काहीच सांगत नाही.

इंडक्शनची बाजू घेणारे इथे रेल्वेकडे बोट दाखवतात. चुकीचे नाही. वसई-दिवा मार्गावर मालगाड्या ओढणाऱ्या डब्ल्यूएजी-९ इंजिनात सहा इंडक्शन मोटरी असतात. मुंबईच्या लोकलमध्ये २००७पासून याच जातीच्या मोटरी आल्या. टेस्लाच्या पहिल्या गाड्या, महिंद्राची २०१३ची ई-टू-ओ, सगळ्या इंडक्शनवर. बेंगळुरूच्या एम्फ्लक्सने २०१८च्या ऑटो एक्स्पोत इंडक्शनचीच मोटरसायकल आणली होती. ती बाजारात रुळली नाही.

पण आकाराचा मुद्दा या उदाहरणांत हरवतो. कार्यक्षमतेच्या एकाच आयई-३ वर्गात ७५ किलोवॅटच्या चार पोलच्या मोटरकडून ९५ टक्क्यांची अपेक्षा असते आणि पाऊण किलोवॅटच्या, म्हणजे मागाएवढ्या मोटरकडून ८२.५ टक्क्यांची. मोटर जितकी लहान, तितका चुंबकीय क्षेत्र उभे करण्याचा खर्च तिला जड जातो. इंजिनाला जे शोभते ते बाइकला शोभेलच असे नाही. बाइकला वजनाचाही राग येतो: तेवढ्याच टॉर्कसाठी इंडक्शनला जास्त लोखंड-तांबे लागते.

तिचे गुणही सांगायला हवेत. मूठ सोडली की ती मोकळी फिरते, चुंबकवालीसारखी ओढ लावत नाही. तापली तरी तिचे चुंबक कमजोर होत नाहीत, कारण ते नाहीतच. आणि भिवंडीत तिचे तांबे भरून देणारे कारागीर गल्लोगल्ली आहेत. चुंबकवाल्या मोटरचा रोटर बिघडला तर हाच कारागीर हात वर करतो.

तर माझा कौल असा: पूर्ण्याच्या मालवाहू बाइकसाठी आज मी चुंबकाचीच मोटर घेईन. तीनचाकी टेम्पोत वजनाचा बाऊ नाही, मोठा गिअर बसतो, थंड करायला जागा मिळते. तिथे इंडक्शनला आधी संधी देईन. चुंबकाची टंचाई पुन्हा आली तर हा कौल बदलू शकतो. पण बदलायचा तर हाताशी आकडे हवेत, आणि ते गिऱ्हाइकापर्यंत येतच नाहीत.

राज्याच्या मंत्रिमंडळाने एप्रिल २०२५मध्ये बाइक-टॅक्सीला मान्यता दिली, तीही फक्त विजेच्या. दिवसाचे आठ-दहा तास मागे प्रवासी बसवून फिरणारी ही गाडी. तिच्या परवान्याच्या अर्जात तीस मिनिटांच्या पॉवरचाही रकाना असावा. आणि मागाच्या मोटरला असते तशी पट्टी बाइकलाही हवी: सलग पॉवर, ती कोणत्या तापमानाला मोजली, ताशी १५ किलोमीटरला कार्यक्षमता किती, बॅटरी उतरल्यावर टॉर्क किती. सलग पॉवरचा आकडा प्रमाणपत्राच्या फायलीत आजही पडून आहे. परिवहन खात्याने तो फाइलमधून काढून चॅसिसवर ठोकायला लावावा. बाकीचे आकडे कंपन्यांच्या प्रयोगशाळांत असतातच, ते मागावे लागतील.

— कारखानीस