बछडे झाले म्हणजे सुख झालं?

वाघ जाळीलगत येरझाऱ्या घालतो. वळण त्याच जागी, पाऊल त्याच रेषेवर. तेवढ्या पट्ट्यात गवत उरलेलं नसतं. बाहेर कुणीतरी पोराला सांगतं, "बघ, कसा ऐटीत फिरतोय!" व्यवस्थापनाचं उत्तरही ठरलेलं: खाणं वेळेवर, औषधपाणी चोख, बछडेसुद्धा झाले, आणखी काय हवं?

पोट भरणं आणि वीण होणं हीच सुखाची खूण असेल, तर हत्तींचा हिशेब जुळत नाही. युरोपातल्या प्राणिसंग्रहालयांत जन्मलेल्या आफ्रिकन हत्तिणींचं मध्यक आयुर्मान १६.९ वर्षं, आणि केनियातल्या अंबोसेलीच्या रानात नैसर्गिक मरण आलेल्या हत्तिणींचं ५६, असं २००८च्या अभ्यासात दिसलं. मांसभक्षकांची गतही वेगळी नाही. रानात ज्यांचा वावर जितका दूरवर, तितक्या बंदिवासात त्यांच्या येरझाऱ्या जास्त आणि पिल्लांचे मृत्यूही जास्त, हे २००३मध्येच रॉस क्लब आणि जॉर्जिया मेसन यांनी दाखवून दिलं.

प्राण्यांचा ताण मोजण्यावरचा दुसरा आक्षेप अनुभवाच्या नावाने येतो. जन्म पिंजऱ्यापाशी घालवलेल्या रखवालदाराला जे कळत नाही, ते विष्ठेतली संप्रेरकं तपासणाऱ्याला काय कळणार? पण अमेरिकेत क्लाउडेड लेपर्ड या मार्जारकुळातल्या प्राण्यांची विष्ठा तपासली, तेव्हा कौल रखवालदाराच्याच बाजूने लागला. देखभालीला माणसं जितकी जास्त, तितकी ताणाची संप्रेरकं जास्त. मुख्य रखवालदार जितका जास्त वेळ देई, तितकी ती कमी. उंच पिंजऱ्यातही ताण कमीच आढळला. म्हणजे आज हा, उद्या तो अशी माणसं फिरवणाऱ्या कारभाराविरुद्ध त्या रखवालदाराच्या हाती या अभ्यासाने पुरावाच दिला. हे परदेशी खूळ आहे, असंही म्हणता येणार नाही. भारतातल्या सहा प्राणिसंग्रहालयांतल्या वाघ-बिबट्यांचा ताण याच पद्धतीने मोजून झाला आहे.

तिसरा आक्षेप प्राणिप्रेमींचा, आणि तो अधिक वजनदार आहे: संशोधन म्हणजे तुरुंगाला रंगरंगोटी, त्यापेक्षा कुलपंच काढा. पण माणसाळलेला किंवा जायबंदी बिबट्या सोडायचा कुठे? त्याचं उरलेलं आयुष्य कसं जावं, हा प्रश्न घोषणेने सुटत नाही. शिवाय पुरावा नेहमी पिंजऱ्याचीच वकिली करतो असंही नाही. हत्तींचे आकडे तर सरळ उलट साक्ष देतात. आपल्याकडे केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणानेही हत्तींना प्राणिसंग्रहालयांतून हलवण्याचा निर्णय २००९मध्ये घेतला.

मग करायचं काय? आधी मोजायचं, एक बदल करायचा, पुन्हा मोजायचं. लेपर्ड कॅट या रानमांजरांना उघड्याबोडक्या पिंजऱ्यांत ठेवलं तेव्हा त्यांचं कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक वाढलं; फांद्या आणि लपायला जागा दिल्यावर ते उतरलं, येरझाऱ्याही घटल्या. खर्च किरकोळ, अडचण एवढीच की प्राणी लपला की तिकीट काढून आलेला माणूस कुरकुरतो. ती कुरकुर सोसायची तयारी हवी. एकेका ठिकाणी दोन-चारच जनावरं असतात, म्हणून नोंदी सगळ्यांनी एकत्र कराव्यात आणि फसलेले प्रयोगही जाहीर करावेत. एवढं करूनही एखाद्या जातीची गरज भागत नसेल, तर ती जात नव्याने आणू नये, तिची पैदासही करू नये. गैरसोयीचा निष्कर्ष दडपायचाच असेल, तर मोजमापाचं सोंग तरी कशाला हवं?