तेलही गेले, इंजिनही गेले!

मोटार घ्यायची ठरली की मराठी घरात महिनाभर चर्चासत्र चालते. रंग कोणता, ॲव्हरेज किती, गावाहून आणलेली तांदळाची गोणी डिकीत मावेल का, आजींना चढता-उतरता येईल का, इथपासून नंबरातल्या आकड्यांची बेरीज किती यावी, इथपर्यंत. गाडी दारात येते, तिला हार पडतो, चाकाखाली लिंबू चिरडले जाते, शेजारीपाजारी पेढे वाटले जातात. पण त्या गाडीच्या इंजिनात कोणते ऑइल आहे आणि ते कधी बदलायचे, हा विषय मात्र कुणाच्याच कार्यक्रमपत्रिकेवर नसतो. तो गॅरेजवाल्याचा प्रांत! गाडीतल्या सर्वांत महागड्या भागाचे आयुष्य ज्या तीन-साडेतीन लिटर द्रवावर अवलंबून आहे, त्याचा निर्णय आपण ते विकणाऱ्यावरच सोपवून मोकळे होतो.

मत मात्र प्रत्येकाकडे असते. माझ्या पाहण्यात तीन पंथ आहेत. पहिला 'तीन हजारी' पंथ. गाडी कोणतीही असो, तीन हजार किलोमीटर झाले की ऑइल बदललेच पाहिजे, असे मानणारा. दुसरा रंगपारख्यांचा. हे लोक पट्टीवरचे ऑइल दोन बोटांत चोळतात, उजेडात धरतात आणि "काळे पडले, आता काढा" असा निकाल देतात. तिसरा 'टॉप-अप'वाल्यांचा. कमी झाले की वरून थोडे ओतायचे आणि पुढे चालायचे. माझे म्हणणे एवढेच की, या तिन्ही पंथांतल्या कुणी धर्मग्रंथ उघडलेला नाही. धर्मग्रंथ म्हणजे गाडीबरोबर मिळालेले आणि समोरच्या कप्प्यात अजून प्लॅस्टिकच्या पिशवीतच असलेले ते पुस्तक.

या गोंधळामागे थोडा इतिहास आहे. १९७२ मध्ये बजाजची चेतक आली आणि पुढची दोन-तीन दशके ती मध्यमवर्गाचे वाहन होऊन राहिली. तिचे दोन स्ट्रोकचे इंजिन पेट्रोलबरोबरच ऑइल जाळून टाकी. पंपावर लिटरमागे मापाने ऑइल घालून घेणे हा तेव्हाचा नेमधर्म होता. ते ऑइल धुरावाटे निघून जाई; इंजिनातले जुने काढून नवे भरण्याचा प्रश्नच नव्हता. १९८५ मध्ये हिरो होंडाची चार स्ट्रोकची सीडी १०० आली आणि मापाने ऑइल टाकण्याचा उपद्व्याप संपला. पेट्रोल भरा आणि निर्धास्त राहा, असा काळ आला. पण चार स्ट्रोकच्या इंजिनात ऑइल जळून जात नाही, ते आतच फिरत राहते आणि म्हातारे होते, ही गोष्ट एका पिढीला कुणी नीट समजावून सांगितलीच नाही.

मुळात हे ऑइल करते तरी काय? इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल, तर पिस्टन सेकंदाला पन्नास वेळा वर-खाली होतो. धातूवर धातू घासू नये म्हणून मध्ये तेलाचा पातळसा पदर लागतो, हे पहिले काम. शिवाय जिथे रेडिएटरचे पाणी पोहोचत नाही, तिथली उष्णता उचलणे, गंज रोखणे आणि ज्वलनातून आलेली काजळी आपल्या अंगावर घेऊन तिचे गोळे होऊ न देणे, ही कामेही त्याचीच. यासाठी त्यात धुणारी, काजळी तरंगत ठेवणारी आणि झीज रोखणारी निरनिराळी रसायने घातलेली असतात.

म्हणूनच रंगपारख्यांचे शास्त्र फसवे आहे. तळणीचे तेल काळे झाले की ते टाकावे, हा स्वयंपाकघरातला शहाणपणा झाला. इंजिनात ऑइल काळे होते, कारण ते काजळी धरून ठेवते आहे. डिझेल गाडीत तर नवे ऑइल काही दिवसांतच शाईसारखे दिसू लागते. मोरीचे फडके मळले म्हणून आपण फडक्याला दोष देत नाही. उलट हजारो किलोमीटर चालूनही ऑइल मधासारखे स्वच्छ दिसत असेल, तरी त्यातली रसायने संपलेली असू शकतात. ती डोळ्यांना दिसत नाहीत. रंग बघायचाच, तर एका गोष्टीसाठी बघावा. ऑइल चहात दूध घातल्यासारखे झाले असेल, तर त्यात पाणी शिरले आहे. २६ जुलै २००५ च्या मुंबईतल्या प्रलयात कितीतरी गाड्या पाण्यात उभ्या राहिल्या. अशी पाण्यात बुडालेली गाडी चालू करून पाहण्याचा मोह टाळावा, ती ओढूनच गॅरेजात न्यावी आणि ऑइल, फिल्टर बदलल्याशिवाय चावी फिरवू नये.

आता 'गाडी कुठे फारशी चालते!' या समजुतीविषयी. निवृत्त जोडप्याची गाडी. सकाळी मंडई, गुरुवारी दत्ताचे देऊळ, महिन्यातून एकदा बँक. वर्षाला जेमतेम दोन हजार किलोमीटर. यांना वाटते, ऑइल पाच वर्षे पुरेल. वस्तुस्थिती उलटी आहे. एक लिटर पेट्रोल जळले की साधारण लिटरभर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. बहुतेक धुराड्यातून जाते, पण थोडी वाफ आणि थोडे न जळलेले पेट्रोल पिस्टनच्या रिंगांमधून खाली ऑइलमध्ये उतरते. लांबच्या प्रवासात इंजिन चांगले तापते आणि हा ओलावा उडून जातो. दोन किलोमीटरच्या फेरीत ऑइल पुरते गरमच होत नाही. ओलावा साठतो, आम्ल वाढते, ऑइल पातळ पडते. म्हणून तर पुस्तकात 'इतके किलोमीटर किंवा इतके महिने, यांपैकी जे आधी होईल ते' असे लिहिलेले असते. त्या 'किंवा'कडे आपले लक्ष जात नाही. त्याच पुस्तकात छोट्या फेऱ्या, धूळ आणि वाहतुकीची कोंडी यांना 'खडतर वापर' म्हणून मुदत कमी केलेली असते. पुण्या-मुंबईत राहणाऱ्या किती जणांचा वापर खडतर नाही, ते ज्याचे त्याने ठरवावे.

डब्यावरचे आकडे पाहून लोक बिचकतात; पण ते पंचांगापेक्षा सोपे आहेत. '५डब्ल्यू-३०' यातला डब्ल्यू म्हणजे हिवाळा. पहिला आकडा थंड इंजिनात ऑइल किती सहज वाहते ते सांगतो. जितका लहान, तितके सहज. दुसरा आकडा शंभर अंश सेल्सियसला त्याचा दाटपणा, म्हणजे शास्त्राच्या भाषेतली श्यानता, किती राहते ते सांगतो. यावर आपल्याकडचे ठरलेले वाक्य असे, की "आपल्याकडे उन्हाळा कडक, जाड ऑइलच बरे." पण पाण्याने थंड होणारे मोटारीचे इंजिन मे महिन्यातल्या नागपुरात काय आणि डिसेंबरातल्या महाबळेश्वरात काय, थर्मोस्टॅटमुळे साधारण एकाच तापमानाला चालते. वाऱ्यावर थंड होणाऱ्या मोटरसायकलला उन्हाचा फरक जास्त पडतो, हे खरे. पण तिच्या पुस्तकात तो हिशेब धरलेला असतो. नव्या इंजिनांतल्या फटी आणि तेलवाहिन्या पातळ ऑइलसाठीच आखलेल्या असतात. तिथे हट्टाने २०डब्ल्यू-५० ओतणे म्हणजे इंजिनाला पोषण नव्हे. पेट्रोल जास्त जाळण्याची आणि सकाळी चालू करताना वरच्या भागांना तेल उशिरा पोहोचवण्याची ती व्यवस्था आहे.

दुसरी खूण एपीआयची. पेट्रोल इंजिनांसाठी 'एस'ने सुरू होणारी अक्षरे असतात. दुसरे अक्षर जितके पुढचे, तितका दर्जा नवा. २०१० मध्ये एसएन आले, २०२० मध्ये एसपी, २०२५ मध्ये एसक्यू. मोटरसायकलसाठी आणखी एक खूण पाहावी, ती 'जासो एमए'. बहुतेक मोटरसायकलींचा क्लच इंजिनाच्या ऑइलमध्येच बुडालेला असतो. मोटारीचे गुळगुळीत ऑइल त्यात घातले, तर क्लच घसरू शकतो. तेव्हा "मोटारीचे उरलेले अर्धा लिटर मुलाच्या गाडीला घालू" ही काटकसर महागात जाते. आणि २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत धुराची काजळी अडवणारी जाळी असते. तिला राख कमी करणारे खास ऑइलच लागते, नाही तर जाळी तुंबते. 'सिंथेटिक' या शब्दाने मात्र भारावून जाऊ नये. ते अधिक टिकाऊ असते, यात वाद नाही. पण आज त्या नावाने विकले जाणारे बरेचसे ऑइल खनिज तेलच अधिक शुद्ध करून बनवलेले असते. पुस्तकाने मागितले असेल तर घ्यावे. मागितले नसेल तर प्रतिष्ठेसाठी घेऊ नये.

आता खऱ्या दुखण्याकडे येतो. तीन हजारांचा आकडा आला कुठून? जुन्या इंजिनांसाठी आणि जुन्या ऑइलसाठी कधीकाळी तो बरोबर होता. अमेरिकेतही 'तीन हजार मैल' हा असाच समज रुजला होता आणि तो मोडण्यासाठी कॅलिफोर्नियाच्या कचरा-व्यवस्थापन खात्याला मोहीम काढावी लागली. आज आपल्याकडच्या अनेक पेट्रोल मोटारींची मुदत दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष अशी आहे. तीन हजारी पंथाचा माणूस तेवढ्याच अंतरात तीन वेळा ऑइल बदलतो. म्हणजे साडेतीन लिटरांऐवजी दहा लिटर. एका सर्व्हिस सेंटरात मला ऑइलबरोबर इंजिन 'फ्लश' करण्याचा आणि वेगळे रसायन घालण्याचा आग्रह झाला. "पुस्तकात कुठे लिहिले आहे ते दाखवा," असे मी म्हणताच तो आग्रह शांतपणे मावळला.

पण याची दुसरी बाजू जास्त बोचते. आमच्या भागातले एक रिक्षावाले. दिवसाला शंभर-सव्वाशे किलोमीटर धावणारी रिक्षा म्हणजे महिन्यात तीन हजार. कर्जाचा हप्ता, मुलीची फी, पावसाळ्यातला मंदावलेला धंदा यांत ऑइलची तारीख पुढे ढकलली गेली. इंजिन ऑइल खाऊ लागले, पातळी उतरत गेली आणि एके दिवशी चढावर इंजिन जाम झाले. काही शे रुपयांचे ऑइल वाचले. इंजिन बांधायला गेली हजारांची रक्कम आणि तीन आठवड्यांची कमाई. ज्याची गाडी दारात उभी असते तो गरज नसताना ऑइल बदलतो आणि ज्याचे पोट चाकावर आहे त्याला गरज असून बदलता येत नाही. हा दोष अज्ञानाइतकाच परिस्थितीचाही आहे. रिक्षा संघटना आणि पतपेढ्या विम्याच्या हप्त्याइतकीच काळजी ऑइलच्या तारखेची घेतील, तर कितीतरी संसार सावरतील, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

आणि काढलेल्या ऑइलचे काय? आपण बिल देतो आणि विसरतो. गॅरेजातले पोर कोपरापर्यंत काळ्या हातांनी ते परातीत धरते. त्यात कर्करोगाला निमंत्रण देणारी द्रव्ये असतात, पण हातमोजे फार क्वचित दिसतात. मग ते सेंटरिंगच्या फळ्यांना लागते, गावाकडे वाळवीसाठी वाशांना फासले जाते, नाही तर सरळ गटारात जाते. एका वेळी काढलेले ऑइल दहा लाख गॅलन, म्हणजे सुमारे ३८ लाख लिटर गोडे पाणी दूषित करू शकते, असे अमेरिकेची पर्यावरण संस्था सांगते. आपल्याकडे १ एप्रिल २०२४ पासून वापरलेल्या ऑइलच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी उत्पादकांवर टाकणारे नियम लागू झाले आहेत. पण नियम गल्लीतल्या गॅरेजापर्यंत पोहोचायचा, तर गिऱ्हाइकाने "जुने ऑइल कुठे देता?" एवढे विचारायला हवे. रिकामा डबाही तसाच सोडू नये. चांगल्या कंपनीचे डबे भंगारातून परत येतात आणि त्यांत भलतेच काहीतरी भरले जाते. डब्याचे सील आपल्यासमोर फोडायला सांगावे आणि रिकाम्या डब्याला भोक पाडून मगच तो टाकावा.

कुणी म्हणेल, विजेच्या गाड्या आल्यावर हे पुराण हवे कशाला? चेतकसुद्धा २०२० मध्ये विजेवर परतली. तिला इंजिनच नाही, मग इंजिन ऑइल कुठले! खरे आहे. पण आज रस्त्यावर असलेल्या पेट्रोल-डिझेलच्या गाड्या अजून कित्येक वर्षे चालणार आहेत आणि त्या चालवणाऱ्यांत बहुसंख्य लोक नवी गाडी सहज घेऊ शकणारे नाहीत.

म्हणून येत्या रविवारी एक करावे. गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटे उभी ठेवावी. घरातल्या मुलाला आणि मुलीलाही बोलवावे. पट्टी ओढावी, पुसावी, पुन्हा घालून काढावी आणि दोन खुणांच्या मध्ये ऑइल आहे ना, ते त्यांनाच बघू द्यावे. वरच्या खुणेपलीकडे भरणेही वाईटच, त्याने फेस होतो, हेही सांगावे. मग कप्प्यातले पुस्तक पिशवीतून काढून ते पान शोधावे आणि किलोमीटर व तारीख कॅलेंडरवर लिहावी. ऑइल बदलताना फिल्टरही बदलायचा, हे शेजारी लिहून ठेवावे. कॅलेंडरवर दूध, गॅस आणि एकादशी यांची नोंद आपण न चुकता ठेवतोच. तिथे आणखी एका तारखेला सहज जागा होईल.