केबल जनतेची, नोंदवही कोणाची?

ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याची योजना केंद्र सरकारने २०११ साली मंजूर केली. तिचेच नाव पुढे भारतनेट झाले. केरळ सरकारने ५ जून २०२३ रोजी स्वतःचे के-फोन जाळे सुरू केले व २० लाख गरीब कुटुंबांना मोफत जोडणी देण्याचे उद्दिष्ट ठेवले. दोन्ही जाळी जनतेच्या पैशातून उभी राहिली.

परंतु केबल म्हणजे सेवा नव्हे. कोणता फायबर कोठे विभागला आहे, कोणाचे बिल थकले, कोणत्या तक्रारीवर कोण निघाला, हे सारे आज सॉफ्टवेअरमध्ये नोंदले जाते. एकाच वेळी बंद पडलेल्या जोडण्यांवरून ते बिघाडाची जागाही सुचवते. मात्र त्यातील नकाशा खरा असेल तरच. आणि नकाशा खरा राहतो तो सांधा जोडल्यावर नोंद करणाऱ्या कामगारामुळे. जानेवारी २०२० अखेर बीएसएनएलचे सुमारे ७८ हजार कर्मचारी स्वेच्छानिवृत्तीने बाहेर पडले. जे त्यांच्या स्मरणात होते आणि नोंदीत नव्हते, ते त्यांच्याबरोबरच गेले.

खरा प्रश्न येथेच आहे. नोंदी ठेकेदाराच्या सॉफ्टवेअरमध्ये अडकल्या, तर करार संपताच जनता आपल्याच केबलची केवळ कागदोपत्री मालक उरते. म्हणून नोंदींची मालकी सार्वजनिक संस्थेकडे असावी, त्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नेता याव्यात आणि त्या राखण्यास कायम कर्मचारी असावेत, या अटी प्रत्येक करारात असल्याच पाहिजेत.