निष्कलंक वीर कुणाला हवा आहे?

जुलै लागला की पन्हाळ्याहून पावनखिंडीकडे निघालेल्या पोरांच्या टोळ्या भर पावसात आमच्या शाहूवाडी तालुक्यातून जाऊ लागतात. मलकापूर हे विशाळगड जहागिरीचे, पंतप्रतिनिधींचे गाव. इथे पोवाडा ऐकत माणूस मोठा होतो. पण एक मत इथेही हमखास कानी पडते: वीराची चूक, त्याचे जुने वैर शाहिराने काढू नये, त्याने पोरांपुढचा आदर्श डागाळतो. असे म्हणणाऱ्यांची निष्ठा खरी आहे. त्यांचे म्हणणे मात्र साफ चुकीचे आहे.

बाजीप्रभूंचेच पाहा. ते हिरडस मावळातल्या बांदलांचे कारभारी, आणि हे बांदल आधी शिवरायांच्या विरोधात उभे ठाकलेले. हा भाग गाळा, असा आग्रह असतो. का गाळायचा? जो कधी विरोधात नव्हताच, त्याच्या निष्ठेची पारख कशी व्हायची? 13 जुलै 1660 ला घोडखिंडीत, म्हणजे आजच्या पावनखिंडीत, थांबलेला माणूस एके काळी दुसऱ्या बाजूला होता, हे कळले की त्या थांबण्याचे मोल दुणावते. अंगावर जखमा घेऊन तो विशाळगडाकडे कान लावून उभा आहे. महाराज गडावर पोचल्याच्या तोफेचा आवाज येईल ना, ही धास्ती त्याला आहे. ही धास्ती काढून टाकली तर उरतो तो नुसता पुतळा.

याहून अवघड गोष्ट आपल्याच जिल्ह्यातल्या नेसरीची. 1673 साली उमराणीला सरनोबत प्रतापराव गुजरांनी आदिलशाही सरदार बहलोलखानाला पाण्यावाचून कोंडले आणि तो गयावया करू लागताच जाऊ दिले. खान पुन्हा उलटला. महाराजांचे खरमरीत बोल आले आणि ते प्रतापरावांच्या जिव्हारी लागले. 24 फेब्रुवारी 1674 ला नेसरीजवळ त्यांनी मोजक्या स्वारांनिशी खानाच्या फौजेवर घोडा घातला आणि तिथेच ते पडले.

इथे दुसरा पक्ष पुढे येतो. तो म्हणतो, हा शुद्ध अविचार. सेनापतीने फौज मागे ठेवून असे जायचे नसते. बरोबर, जायचे नसते. आधी दया चुकली, मग संताप चुकला. पण एवढ्यावर माणूस निकालात काढणाऱ्यांनी एका प्रश्नाचे उत्तर द्यावे: धन्याचा बोल इतका कुणाला लागतो? ज्याला कशाचीच चाड नाही, तो खाली मान घालून ऐकतो आणि संध्याकाळी जेवायला बसतो. प्रतापरावांची चूक आणि त्यांचा आदर्श एकाच मुळातून आले आहेत; एक उपटाल तर दुसराही हाती येईल.

चौदाव्या शतकातल्या एका इंग्रज कवीला हे नेमके उमगले होते. त्याच्या काव्यात आर्थर राजाचा सरदार गवेन जीव वाचेल या आशेने एक हिरवा पट्टा यजमानापासून लपवतो. दिवसभरात मिळेल ते यजमानाला देण्याचे वचन मोडते. शिक्षा म्हणून मानेवर फक्त एक ओरखडा उमटतो, पण गवेन शरमेने कासावीस होऊन दरबारी परततो आणि तो पट्टा आपल्या लाजेची खूण म्हणून दाखवतो. दरबार काय करतो? हसून त्याला जवळ घेतो, आणि सगळे सरदार तसाच पट्टा मानाने अंगावर बाळगायचे ठरवतात.

तिकडे हे काव्यात घडले, आपल्याकडे प्रत्यक्षात. ज्यांनी जाब विचारला त्याच महाराजांनी 1680 मध्ये राजारामांसाठी प्रतापरावांची मुलगी जानकीबाई सून करून आणली. चूक पदरात घालून माणसाला आपला म्हणणे याहून वेगळे काय असते? खुद्द महाराजांनी जो माणूस चुकीसकट स्वीकारला, त्याला धुऊनपुसून चकचकीत करण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

म्हणून शाहिरांना माझे सांगणे आहे. नेसरी गाताना उमराणीचा चौक गाळू नका. खानाला दिलेली सूट पोरांना ऐकू द्या, त्यानंतरचा जाबही ऐकू द्या. आणि घोडे सुटले, वीर पडला, एवढ्यावर पोवाडा आटोपता न घेता तो जानकीबाईंच्या लग्नापर्यंत न्या.